पट्ट्यावरचा हात

कॉर्लिसबर्ग, ओहायो
१२ ऑक्टोबर १९९५

प्रिय थेल्मा,

तू बरी असशील, आणि तुझी मार्जी, तिचा नवरा, नात केंड्रा सगळी मजेत असतील अशी आशा आहे. मी आपला होतो तसाच आहे. फक्त डावा गुडघा जिन्यावर ऐकत नाही आणि डॉक्टरांनी मीठ, लोणी, खारवलेलं डुकराचं मांस सगळं बंद करून टाकलंय. मग उरलं काय, ते तूच सांग.

फोनच करणार होतो. दोनदा नंबर फिरवलाही. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून दिला असतास, आणि त्याबद्दल मला तुला काही बोलताही आलं नसतं. पत्राचं एक बरं असतं, ते निदान टेबलावर पडून राहतं.

गावच्या बातम्या सांगतो. भांड्यांच्या कारखान्याची शेवटची भट्टी जूनमध्ये थंड झाली. तू ज्या खोलीत बसून बश्यांवर निळी फुलं रंगवायचीस, तिथं आता कबुतरं राहतात. एव्हरेटच्या थडग्यावर यंदाही पिवळी शेवंती लावली. दगड जरा कलला होता, तो दफनभूमीच्या माणसाला बरोबर घेऊन सरळ करून घेतला. तू कोलंबसला गेल्यापासून हे काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे काळजी करू नकोस.

आणखी एक म्हणजे आपलं वर्तमानपत्र बंद पडलं. त्यांच्या फोटोंची कपाटं चर्चच्या तळघरात आणून विकायला मांडली होती. साठ वर्षांचे फोटो, नावानावाने लावलेल्या तपकिरी पाकिटांत. मी अर्थातच गेलो. जायला दहा वाजले, कारण गुडघा. ‘ट’ची पेटी उघडून बघतो तो टॅकेटचं पाकीट नाही. टेबलाशी बसलेल्या बाईंना विचारलं.

“बर्ल टॅकेट ना? आत्ताच गेलं की! एका मुलीने नेलं. उंच, केसांची शेपटी, कॉलेजच्या संघाचं जॅकेट. तुम्ही तिचे आजोबा का? नाक अगदी तेच आहे.”

मी आजोबा नाही म्हणालो. पुढच्याच आठवड्यात केंड्राचं पत्र आलं. आजोबांचा एखादा फोटो मिळतो का बघायला ती आली होती म्हणे, आणि एव्हरेटच्या नावाचं पाकीट रिकामं निघालं म्हणून तिने टॅकेटचं घेतलं. त्यात एकोणपन्नास सालच्या त्या बेसबॉल सामन्याचा फोटो आहे, चेंडू टाकण्याआधी टॅकेटने पाय उचललाय तो. तुला माहीत आहे तो. देशभर छापला गेला होता.

आता मुद्द्यावर येतो. तिला सांगून तो फोटो मला मिळवून दे. माझ्याकडे एव्हरेटचे दोन छान फोटो आहेत, एकात तो भट्टीसमोर बाह्या वर करून हसतोय. ते दोन्ही तिला देईन. तिच्या प्रतीला संग्रह करणाऱ्यांच्या लेखी काही किंमत उरलेली नाही, कारण पोरीने ती खराब करून टाकली आहे. जुन्या वर्तमानपत्रांत काय करत, की छापण्याआधी खेळाडूच्या मागची गर्दी राखाडी रंगाने झाकून टाकत, म्हणजे माणूस उठून दिसे. तो रंग, मागचे शिक्के, चिकटवलेला मजकुराचा कागद, हे सगळं फोटोचा भागच असतं. कुणी त्याला पाणी लावत नाही. हिने ओला कापूस घेतला आणि रंग पुसून काढला! ‘खाली कोण आहे ते बघायचं होतं’ म्हणते. असं कुणी करतं का?

मागे दुसऱ्या बेसवर कोणीतरी उभा दिसतो म्हणे. असेल कोणी. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती तो फोटो तुझ्याकडे आणणार आहे, त्याआधी तू तिच्याशी बोललीस तर बरं होईल.

तुला माझ्या या फोटोंच्या नादाबद्दल काय वाटतं ते मी विसरलेलो नाही. तरी विचारतोय.

तुझा दीर,
वेन्डेल


कॉर्लिसबर्ग
२ नोव्हेंबर १९९५

प्रिय थेल्मा,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी का होईना, तुझं अक्षर बघितलं. अक्षर अजून तसंच आहे, बशीच्या काठावर रंगवल्यासारखं. ‘फोटो केंड्राचा आहे. तुझं घर आधीच भरलेलं आहे. मागे तूच उभा आहेस, मला चष्म्याशिवाय ओळखू आलास. तुझा हात पट्ट्यावर का आहे असं ती विचारते. मी सांगितलं, त्याची पँट त्याला कधीच नीट बसली नाही.’

मी हसलो, थेल्मा. मग हे लिहायला बसलो.

म्हणजे तिने फोटो तुला आधीच दाखवलाय. मागच्या पत्रात ‘असेल कोणी’ असं लिहिलं होतं ते खोटं होतं. मीच आहे तो. वीस वर्षांचा, दुसऱ्या बेसवर वाकून उभा, उजवा हात पट्ट्याच्या बकलावर.

आधी चौऱ्याहत्तर सालचं बोलू दे. तू घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली होतीस, मार्जीला पोर होणार आहे हे सांगायला. मी मागे बागेत होतो आणि तू ताटली ठेवायला जागा शोधत मागच्या खोलीत शिरलीस. भिंतीवर टॅकेट, टेबलावर टॅकेट, खणांत टॅकेट. मी दारात आलो तेव्हा तू पांढरीफटक पडली होतीस.

“ज्याने तुझ्या भावाचं डोकं फोडलं, त्याला तू घरात लावून ठेवलंस?”

आणि मी काय म्हणालो? “फोटो चांगले आहेत.” सेहेचाळीस वर्षांत मी जे काही मूर्खासारखं बोललो त्यात हे सगळ्यात वरचं. तू ताटली जमिनीवर ठेवलीस आणि गेलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तुझी समजूत काढायला आलो नाही. समजूत काढायची म्हणजे खरं सांगावं लागलं असतं.

तुला वाटलं, मी टॅकेटचा भक्त आहे. गावालाही तेच वाटतं. संग्रह करणाऱ्यांच्या मेळाव्यांत आपल्या आडनावाला जोडून मला ‘टॅकेटवाला रस्क’ म्हणतात, एका मासिकाला माझी मुलाखत हवी होती. माझ्याकडे त्याचे तीनशेवर फोटो आहेत हे खरं. पण त्यातले दोनशे नव्वद मी निव्वळ दाखवायला घेतले, म्हणजे बाकीचे मी का शोधतोय ते कुणाला कळू नये. मला हवा होता तो एकच, पाय उचललेला. तो गावोगावच्या वर्तमानपत्रांना तारेने गेला होता आणि प्रत्येकाने आपली प्रत आपल्या कपाटात ठेवली होती. सेंट पॉलपासून मोबीलपर्यंत जिथं म्हणून कपाटं फुटली तिथं मी पत्रं धाडली, बसने गेलो, रांगेत उभा राहिलो. चौदा प्रती मिळवल्या. अकरांवर मी नाही. अकरा गावांतल्या अकरा अनोळखी माणसांनी कुंचला घेऊन मला राखाडी रंगात झाकलंय. त्यांना बिचाऱ्यांना टॅकेट उठून दिसायला हवा होता, बाकी काही नाही. मला मात्र त्यातल्या एकेकाचे पाय धरावेसे वाटतात.

उरलेल्या तीन प्रतींवर मी होतो. त्यांतल्या दोहोंवर मी स्वतः रंग लावला. संग्रह करणाऱ्यांत याहून मोठं पाप नाही. तिसरीचं नंतर सांगेन.

आता हात. तू स्टँडमध्ये स्वेटर विणत बसायचीस, खेळाकडे तुझं लक्ष नसायचं, म्हणून सोपं करून सांगतो. कोणता चेंडू टाकायचा ते बॅटरच्या मागे बसलेला कॅचर पायांच्या मध्ये बोटं धरून चेंडू टाकणाऱ्या पिचरला सांगतो. ती बोटं बॅटरला दिसत नाहीत. पिचरच्या पाठीमागे, दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या बॅटरच्याच संघातल्या माणसाला मात्र सरळ समोर दिसतात. तो मग आपल्या बॅटरला खूण करतो. याला खुणा चोरणं म्हणतात. सगळेच चोरतात आणि सगळेच नाही म्हणतात. एव्हरेटची आणि माझी खूण साधी होती. दोन्ही हात गुडघ्यांवर म्हणजे काही नाही. उजवा हात पट्ट्यावर म्हणजे वळणारा चेंडू येतोय.

केंड्रा स्वतः पिचर आहे. दुसऱ्या बेसवरच्या माणसाचे हात बघायला तिला शिकवलेलं असणार. तिने विचारलं ते उगीच नाही.

त्या दिवशी मी एव्हरेटला वळणाऱ्याची खूण केली, आणि आला तो सुसाट सरळ, कानशिलावर. त्या दिवशी खूण कर असं त्यानेच मला सांगितलं होतं. मोठ्या लीगचा संघ आपल्या भांड्यांच्या कारखान्याच्या संघाशी खेळायला एका दुपारपुरता गावात आलेला, खेळाडू हेरणारा माणूस पहिल्या रांगेत वही उघडून बसलेला, समोर टॅकेट. त्याला मदत हवी होती, मी केली, ती चुकली. एवढंच आहे ते. इतकी वर्षं सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

केंड्राला तू हे सांगितलंस तरी चालेल.

वेन्डेल


कॉर्लिसबर्ग
१७ नोव्हेंबर १९९५

थेल्मा,

तुझं दुसरं कार्ड आलं. यावेळी एकच ओळ. ‘एव्हरेटने मदत मागितली? जो माणूस जेवताना मीठसुद्धा मागत नसे?’

सहा दिवस ते कार्ड टेबलावर आहे. कॉफी पितो तेव्हा समोर, बिलं भरतो तेव्हा समोर. उलटं करून ठेवलं तर मागे कोलंबसच्या ग्रंथालयाचं चित्र आहे, ते बघूनही तीच ओळ आठवते.

नाही मागितली.

आता सगळं सांगतो, आणि यात कुठंही मी मला बरं दाखवलेलं तुला आढळलं तर तेवढं खोडून वाच.

सामना सुरू व्हायच्या आधी आम्ही बाकावर बसलो होतो. एव्हरेट बुटाच्या नाड्या बांधत होता. मी म्हणालो, “दुसऱ्या बेसवर पोचलो की तुला सगळं कळवतो. आज त्याला फोडून काढ.”

तो नाडी बांधता बांधता म्हणाला, “आज काही कळवायचं नाही.”

“का?”

“हा काही आपल्या लीगमधला पोऱ्या नाही, वेन. हा टॅकेट आहे. खुणा चोरणारे सापडले की हा त्यांच्या डोक्यावर टाकतो, सगळ्यांना ठाऊक आहे. तू हात गुडघ्यांवर ठेव आणि ते तिथून हलवू नकोस. मारला तर माझा मी मारीन, नाही तर सोमवारी भट्टीवर जाईन.”

“बरं.”

“बरं नको म्हणू. शब्द दे.”

मी शब्द दिला. हातात हात देऊन दिला, थेल्मा. त्याचा हात कोरडा होता. त्याला भीती वाटत नव्हती.

पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा त्याने टॅकेटला दोन बेसचा फटका मारला, हे तुला आठवत असेल, कारण तेव्हा तूही विणकाम टाकून उभी राहिली होतीस. स्वतःच्या जोरावर मारला. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी दुसऱ्या बेसवर होतो. दोन चेंडू त्याने हुकवले. तिसरा हुकला की बाद. पहिल्या रांगेतल्या माणसाने वही मिटून मांडीवर ठेवलेली मला दिसली.

मग कॅचरची बोटं दिसली. दोन. वळणारा.

वळणारा चेंडू निघतो तो तुझ्या डोक्याच्या रोखाने आणि शेवटच्या क्षणी वळून बॅटरसमोरच्या प्लेटवर जातो. जो बॅटर दचकून मागे सरतो त्याचा निकाल लागतो. जो जागचा न हलता वाट बघतो तोच मारतो. हेरायला आलेली माणसं नेमकं हेच बघतात. मला हे सगळं एका क्षणात सुचलं आणि शब्द बिब्द सगळं विसरून मी हात पट्ट्यावर ठेवला.

विसरून म्हणालो, तेही खोटं. विसरलो नव्हतो. मला हवं होतं की तो मोठ्या लीगमध्ये जावा आणि आयुष्यभर मला म्हणता यावं, माझ्यामुळे गेला. लहानपणापासून सगळे म्हणायचे, हा एव्हरेटचा भाऊ. मला एकदा उलटं ऐकायचं होतं.

आणि सवयीने त्याने माझ्याकडे बघितलं. वर्षभर बघत आला होता, मान आपोआप वळली. माझा हात बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. नंतर त्याने बॅट घट्ट धरली, पाय रोवले आणि तो उभा राहिला. मी शब्द मोडला हे त्याला कळलं होतं, तरी माझी खूण खोटी असेल असं त्याला वाटलं नाही. त्या क्षणी फोटोवाल्याने बटण दाबलं.

पुढचं तुला माहीत आहे. तू स्टँडवरून धावत आलीस तेव्हा तुझ्या बोटाला लोकर गुंडाळलेली होती.

गावाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, टॅकेटने मुद्दाम मारला. दोन, एव्हरेट घाबरून जागच्या जागी थिजला. दुसरी गोष्ट कुणी तुझ्या तोंडावर म्हणत नसे, पण तुला कारखान्यात ऐकू यायची, म्हणून तू ते काम सोडलंस ना? मला न्हाव्याच्या दुकानात ऐकू यायची. “चांगला पोरगा, पण खरा वेग बघितला आणि पाय गळाले.” मी खुर्चीत मान खाली घालून केस कापून घ्यायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

मी मनाशी धरून चाललो होतो की माझी खूण वाचण्यात चूक झाली. त्यातल्या त्यात ते बरं वाटायचं, की मी चुकलो, टॅकेट चुकला, दैव. म्हणून त्र्याऐंशी साली मी केंटकीला गेलो. टॅकेट तेव्हा डोंगरातल्या एका वृद्धाश्रमात होता. सही मागण्याच्या निमित्ताने ती तिसरी, न रंगवलेली प्रत घेऊन गेलो. केवढा दांडगा माणूस होता तो, आणि आता चादरीखाली काही उरलं नव्हतं. त्याने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि त्यातल्या माझ्यावर नख ठेवलं.

“हा तू.”

“हो.”

“आणि तो तुझा कोण? मित्र?”

“भाऊ.”

त्याने फोटो चादरीवर ठेवला. “तुझा हात मला दिसला होता, पोरा. मला मागे बघायची सवय होती. कॅचरने वळणारा मागितला होता, तू बरोबरच वाचलंस. मी म्हटलं, थांबा, या कुंभारांना एक धडा देतो. दिला सोडून सरळ, टोपीच्या रोखाने. लोक झटकन खाली बसतात रे. त्या काळी आम्ही सगळेच टाकायचो, सगळे खाली बसायचे. तुझा भाऊ बसला नाही.”

“मी त्याला सांगितलं होतं तो वळेल म्हणून.”

“माहीत आहे मला.”

मी विचारलं, “मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?”

“कुणाला? त्याच्या बायकोला? मी दर नाताळला तिला पत्र लिहायचो, ते न उघडता परत यायचं. वर्तमानपत्रांना सांगितलं की चेंडू हातातून निसटला. खरं सांगायचं तर दोन्ही सांगावं लागतं, तू काय केलंस ते आणि मी काय केलं ते. तुझं सांगून माझं लपवता येत नाही.” मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तू तरी कुठं सांगितलंस? राहू दे की. माझं तू पोटात ठेव, तुझं मी ठेवतो.”

आणि त्याने सही केली. जाड शाईत, नेमकी माझ्यावरून. माझं डोकं, खांदा, हात सगळं त्याच्या नावाखाली गेलं. मी त्याचे आभार मानले, थेल्मा. मनापासून मानले. परतीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की मी वाटेत उतरून पोटभर जेवलो. तो गेल्या वर्षी वारला. आता हे माहीत असलेला मीच उरलो होतो.

तेव्हा टॅकेटने मुद्दाम टाकला, हे खरं आहे. तू त्याचा सेहेचाळीस वर्षं राग केलास, तो काही वाया गेला नाही. पण त्यातला अर्धा माझा होता आणि तो मी घेतला नाही. तुझ्या स्वयंपाकघरात बसून ॲपल पाय खाल्ले, मार्जीला सायकल शिकवली, एव्हरेटच्या शवपेटीला खांदा दिला, आणि घेतला नाही.

एव्हरेट घाबरला नव्हता. हे मला तुला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तो थिजला नाही, त्याचे पाय गळाले नाहीत. त्याच्या डोक्याकडे चेंडू येत होता आणि तो सरळ उभा होता, कारण त्याच्या भावाने सांगितलं होतं की हा वळणार आहे. केंड्राला हे सांग. तिने माझ्याविषयी काय म्हणायचं ते म्हणू दे, पण आपला आजोबा भित्रा होता असं तिच्या कानावर कधी आलं असेल तर ते पुसलं जायला हवं.

सोबत पार्सल येईल. त्यात चौदा प्रती आहेत. मी रंगवलेल्या दोन्ही मी काल ओल्या कापसाने पुसल्या. रंग सहज निघतो. टॅकेटची सही असलेली सगळ्यात वर आहे. शाई काही निघत नाही, ती तशीच बघावी लागेल. जाळ, फाड, केंड्राला दे, गावच्या ग्रंथालयात लाव. मी विचारणार नाही. थँक्सगिव्हिंगला मी कुठंही येणार नाही, ती भीती ठेवू नकोस.

एक राहिलं. ते लिहिता येत नाही म्हणून हे पत्र सहा दिवस अडलं होतं.

चेंडू लागल्यानंतर तो नऊ वर्षं जगला. तुला त्याला भरवावं लागे, उठवावं लागे, झटका आला की दातांत चमचा धरावा लागे. मी फक्त रविवारी यायचो, त्याला संत्रं सोलून द्यायचो. तू आत भांडी घासत असायचीस. त्याला बहुतेक काही उमजायचं नाही, मार्जीलाही कधी ओळखायचा कधी नाही. पण मी समोर बसलो की तो माझ्या हातांकडे बघत राहायचा आणि मग विचारायचा, “वळणारा होता ना, वेन?”

मी म्हणायचो, “हो.”

“मग वळला का नाही?”

तू आतून म्हणायचीस, “काहीतरी बरळतोय बिचारा, तू लक्ष देऊ नकोस.” तो बरळत नव्हता, थेल्मा. तो मला विचारत होता. नऊ वर्षं, दर रविवारी. एका वाक्यात त्याला सांगता आलं असतं की एव्हरेट, चूक माझी, तू बरोबर उभा होतास. मी त्याच्या तोंडात संत्र्याची फोड द्यायचो, म्हणजे त्याने पुन्हा विचारू नये.

ज्याच्याकडे बघून तो जागचा हलला नाही, तो
वेन्डेल